गुणवत्ता की मेळ? एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या संघबांधणीवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 2021-22च्या लॉस एंजेलिस लेकर्सकडे लेब्रॉन जेम्स, अँथनी डेव्हिस आणि रसेल वेस्टब्रुक होते. तरीही 33 विजय, 49 पराभव. एवढी गुणवत्ता असताना मेळ आपोआप जमायला नको का?

आपोआप जमत नाही, कारण चेंडू, जागा आणि बचावातली कामं यांची वाटणी करावीच लागते. आधी चेंडू पाहू. खेळाडू मैदानावर असताना संघाचे किती टक्के ताबे (चेंडू मिळाल्यापासून तो हातून जाईपर्यंतची एकेक पाळी) त्याच्या फटक्याने, फ्री थ्रोने किंवा त्याच्या हातून चेंडू निसटून संपतात, त्याला युसेज म्हणतात. पाच जणांची बेरीज 100 होते. तिघांना प्रत्येकी 30ची सवय असेल, तर उरलेल्या दोघांच्या वाट्याला मिळून 10 येतात. प्रत्यक्षात तिघांपैकी एकाला चेंडूशिवाय खेळावं लागतं. म्हणून मोठा खेळाडू घेताना पहिला प्रश्न असा विचारावा : चेंडू हातात नसताना हा संघाला काय देतो?

वेस्टब्रुकचं तिथेच अडलं. मुसंडी, पास, रिबाउंड सगळं होतं, पण तीन गुणांच्या फटक्यात त्याची कारकिर्दीची सरासरी साधारण 30 टक्के. लेब्रॉनकडे चेंडू असताना तो कोपऱ्यात उभा राहिला, की त्याला धरणारा, म्हणजे त्याच्यावर पहारा ठेवणारा, प्रतिस्पर्धी त्याला सोडून रिंगजवळ सरकायचा आणि लेब्रॉनची वाट अडायची. 30 टक्क्यांचा नेम असेल तर तीन गुणांचा फटका सरासरी 0.90 गुण देतो. 38 टक्क्यांचा असेल तर 1.14. पहिला फटका प्रतिस्पर्धी खुशाल मारू देतात.

शिवाय त्याच्या बदल्यात कोण गेलं तेही पाहा. काइल कुझ्मा, माँट्रेझ हॅरेल आणि केंटेव्हियस कॅल्डवेल-पोप. कोपऱ्यातून नेम साधणारा आणि समोरच्या गार्डला (चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूला) चिकटून राहणारा हा कॅल्डवेल-पोप 2020 मध्ये लेकर्सबरोबर आणि 2023 मध्ये डेन्व्हरबरोबर विजेता होता. दुखापतींचा वाटाही नाकारता येणार नाही. डेव्हिस 82 पैकी 40च सामने खेळला. पण फेब्रुवारी 2023 मध्ये वेस्टब्रुकला युटाला पाठवून लेकर्सने डीअँजेलो रसेल, मलिक बीझली आणि जॅरेड व्हँडरबिल्ट आणले, आणि त्याच हंगामात ते पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले. नावं लहान झाली, जागा मोकळी झाली.

प्रश्न : मग ड्राफ्टमध्येही (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) गरज पाहूनच निवडावं का?

नाही. तिथे जवळजवळ नेहमीच सगळ्यात गुणी खेळाडू घ्यावा. 1984च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड ह्यूस्टनची होती. त्यांच्याकडे राल्फ सॅम्पसन हा 7 फूट 4 इंचांचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) आदल्याच वर्षी आला होता, तरी त्यांनी हकीम ओलाजुवान हा दुसरा सेंटर घेतला. दोघांच्या जोरावर संघ 1986ची अंतिम फेरी खेळला. पुढे सॅम्पसन दुखापतींनी मागे पडला आणि 1987 मध्ये संघातून गेला. ओलाजुवानने मात्र 1994 आणि 1995ची विजेतेपदं मिळवून दिली. दुसरी निवड पोर्टलंडची. क्लाइड ड्रेक्सलर हाताशी होता, सेंटर हवा होता, म्हणून त्यांनी सॅम बोवी घेतला. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने ड्रेक्सलरच्याच जागी खेळणारा मायकेल जॉर्डन नेला.

कारण उघड आहे. विशीतला खेळाडू पूर्ण तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात, आणि तोवर ज्यांच्याशी मेळ घालायचा म्हणून त्याला निवडलं, त्यांतले बरेच जण संघ सोडून गेलेले असतात. दोन पोरं खरोखरच तोडीस तोड वाटली, तरच गरजेकडे बघावं.

प्रश्न : मिनेसोटाने 2022 मध्ये कार्ल-अँथनी टाउन्स असताना रुडी गोबेअर घेतला. दोन सेंटर चालले कसे?

टाउन्स तीन गुणांच्या रेषेबाहेरून साधारण 40 टक्के फटके साधतो, म्हणून. त्यामुळे आक्रमणात रिंगखाली एकटा गोबेअर असायचा. पहिल्या हंगामात टाउन्स दुखापतीमुळे 29च सामने खेळला आणि संघाचे विजय 42वर थांबले. पुढची दुरुस्ती वर सांगितलेल्या फेब्रुवारी 2023च्या ट्रेडमधूनच (खेळाडूंच्या अदलाबदलीतूनच) झाली. मिनेसोटाचा डीअँजेलो रसेल लेकर्सकडे गेला, युटाहून माइक कॉनली आला. गोबेअर स्क्रीन लावून (सहकाऱ्याच्या बचावपटूची वाट अंगाने अडवून) रिंगकडे वळतो, तेव्हा नेमक्या क्षणी उंच पास टाकणारा गार्ड लागतो, आणि कॉनली त्याच्याबरोबर युटात आधीच खेळलेला. 2023-24 मध्ये लीगमधला सर्वोत्तम बचाव आणि 56 विजय.

प्रश्न : एका पाच जणांच्या लाइनअपचे 200 मिनिटांतले आकडे फार चांगले आहेत. मेळ जमला असं समजावं का?

थांबा. 48 मिनिटांत संघाला साधारण 100 ताबे मिळतात, म्हणजे 200 मिनिटांत सव्वाचारशेच्या आसपास. तेवढ्यात प्रतिस्पर्धी तीन गुणांचे दीडशेएक फटके मारतात असं धरा. त्यांचा नेम 36ऐवजी 32 टक्के लागला, तर सहा फटके कमी पडले, 18 गुण वाचले. म्हणजे 100 ताब्यांमागे चारेक गुणांची सुधारणा निव्वळ नशिबाने दिसली.

त्यापेक्षा सामना लावा आणि सावकाश रचलेली 20 आक्रमणं मोजा. दर वेळी ज्याच्याकडे चेंडू नाही, त्याला धरणारा कुठे उभा आहे ते टिपा. कोणालाही न धरता रिंगसमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, म्हणून तो एक पाय आत, एक बाहेर करत राहतो. वीसपैकी बारा-तेरा वेळा एकाच खेळाडूचा माणूस तिथे सापडला, तर तो खेळाडू जागा देत नाही, त्याचे गुण कितीही असोत. मग बचाव पाहा. प्रतिस्पर्धी स्क्रीन लावायला मुद्दाम आपल्या कोणत्या बचावपटूचा माणूस बोलावतात? प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) त्याच कच्च्या दुव्यावर घाव पडतो.

प्रश्न : आधी तीन मोठे खेळाडू घेऊन पूरक खेळाडू नंतर नाही का आणता येत?

मायामीने ते केलं होतं. लेब्रॉन, ड्वेन वेड, ख्रिस बॉश 2010 मध्ये एकत्र आले. शेन बॅटिए 2011 मध्ये, रे अ‍ॅलन 2012 मध्ये. आता ते फार कठीण झालं आहे. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या 2023च्या करारातल्या, संघाच्या एकूण पगाराच्या दुसऱ्या, वरच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही आणि मिड-लेव्हल सवलतही (मधल्या पगाराचा खेळाडू घेण्याची मुभा) मिळत नाही. उरतात ते किमान पगारावर येणारे. केव्हिन ड्युरंट, डेव्हिन बुकर आणि ब्रॅडली बील असलेल्या फीनिक्सने 2023-24 मध्ये 49 सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत ते याच मिनेसोटाकडून 4-0 हरले. पुढच्या हंगामात 36 विजय, प्लेऑफ हुकलं. आणि बीलच्या करारात त्याच्या संमतीशिवाय ट्रेड न करण्याचं कलम असल्यामुळे चूक सुधारायची वाटही जवळपास बंद होती.