घराचा सल्ला : वाड्यातले सामान, बैठ्या घरातली बैठक

प्रश्न : नाशिकजवळ गिरणारे रस्त्यावर आमचे मंगलोरी कौलांचे छोटे बैठे घर आहे. पुढची खोली पंधरा फूट बाय बारा फुटांची असून तिला पश्चिमेकडे मोठी खिडकी आहे. पंचवटीतला सासरचा वाडा पाडायचे ठरल्यावर वाटणीत आमच्याकडे हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेले सागवानी कपाट, नक्षीदार दाराची एक जोडी, पितळी कड्यांची बंगई, लाकडी पेटारा, वेत तुटलेली आरामखुर्ची आणि तांब्याचा बंब असे सामान आले. दाराची एक फळी कापून तिच्यावर काच टाकावी आणि टेबल करावे, असे यजमानांचे म्हणणे आहे. सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत आणि त्यांना खाली बसून उठता येत नाही. मुलगी म्हणते की एवढे सगळे मांडले तर घराचे भंगाराचे दुकान होईल. काय ठेवावे, काय ठेवू नये आणि सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक भगिनी, गिरणारे

उत्तर : सुरुवात सासूबाईंपासून करावी. दिवाणखाना हा आधी बसण्यासाठी असतो आणि मग दाखवण्यासाठी, त्यामुळे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला जिथून सहज उठता येईल ती जागा आधी ठरवावी आणि उरलेल्या वस्तू तिच्याभोवती लावाव्यात. आरामखुर्ची त्यांच्यासाठी नाही. तिची बैठक मागे उतरती असते आणि तिच्यातून उठायला गुडघ्यांत जोर लागतो. त्यांना सुमारे सतरा-अठरा इंच उंचीची सपाट, घट्ट बैठक हवी.

ती तुमच्याकडे आहेच, फक्त सध्या तिला बंगई म्हणतात. कौलारू घरात बंगई टांगण्याचा विचार सोडून द्यावा, कारण वासे आणि रिपा कौलांचे वजन पेलण्यासाठी असतात. बंगईवरची दोन-तीन माणसे, आणि तीही झोके घेणारी, पेलण्यासाठी नसतात. कैचीची, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्याची, आडवी तुळई वरून भक्कम दिसत असली तरी तिच्या मधोमध हलते वजन टांगणे धोक्याचे आहे. शिवाय झोका पुढे-मागे जायला मोकळी जागा लागते आणि बारा फूट रुंदीच्या खोलीत तेवढी सोडली, तर पाहुण्यांनी उभेच राहायचे. म्हणून कड्या काढून जपून ठेवाव्यात, सुताराकडून दोन बुटक्या, रुंद पायांच्या घडवंच्या करून घ्याव्यात आणि बंगईची फळी त्यांवर ठेवावी. वर घट्ट कापसाची गादी घातली की हवी ती उंची मिळते. गादी बसल्यावर दबते, म्हणून माप घेताना तिच्यावर सासूबाईंनाच बसवावे आणि घडवंचीची उंची त्यानंतर ठरवावी. उठताना हाताला आधार मिळावा म्हणून शेजारच्या भिंतीवर एक लाकडी कठडा बसवून घ्यावा. फळीला एकही भोक न पाडता हे सारे होते, आणि पुढेमागे स्लॅबचे घर बांधलेत तर बंगई पुन्हा बंगई होऊ शकते.

दाराच्या बाबतीतही हाच विचार करावा, आणि इथे मी यजमानांच्या विरुद्ध मत देणार आहे. वाड्यांतली जुनी दारे पुष्कळदा बिजागऱ्यांवर फिरत नाहीत, तर फळीच्याच वरच्या-खालच्या टोकाला कोरलेल्या खुंटांवर फिरतात. टेबलासाठी दार कापताना पहिला बळी या खुंटांचा जातो आणि मग ते दार पुन्हा कोणत्याही चौकटीत बसत नाही. टेबल म्हणूनही ते सोयीचे होत नाही. नक्षीच्या खाचांत धूळ आणि मुंग्या साठतात, आणि दर आठवड्याला काच उचलून ते साफ करण्याची हौस पहिल्या महिन्यानंतर टिकत नाही. त्याऐवजी दोन्ही फळ्या बैठकीच्या पाठीशी भिंतीला लागून उभ्या कराव्यात. सागवानी दार चांगलेच जड असते, त्यामुळे त्याचा भार भिंतीवरच्या खिळ्यांवर न टाकता खाली तीन-चार इंचांच्या लाकडी ओंडक्यावर टाकावा आणि वर भिंतीत घट्ट बसवलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांनी त्या पुढे कलंडणार नाहीत एवढेच पाहावे. लोड टेकवायला ती उत्तम पाठ होते.

टेबलाचे काम पेटारा करील. बैठकीपासून तो दीड फुटावर ठेवावा, म्हणजे चहाचा कप हाताच्या अंतरावर राहतो आणि पायही अडखळत नाहीत. झाकणावर लाखेचे पॉलिश मात्र नको. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने चढवलेल्या त्या पॉलिशइतकी सुरेख झळाळी दुसऱ्या कशालाच येत नाही, पण गरम कप किंवा ओला पेला ठेवला की त्यावर पांढरे वर्तुळ उमटते. झाकणाला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांचे कृत्रिम पॉलिश आणि बाजूंना लाख, अशी विभागणी करावी.

आता हिरवे कपाट. तुमच्या मनात बहुधा रंग खरवडून साग उघडा करण्याचे असेल, कारण हल्ली सगळे तेच करतात. माझा आग्रह मात्र रंग ठेवण्याचा आहे, आणि त्याला सौंदर्यापेक्षा आरोग्याचे कारण मोठे आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावे हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. असा रंग पॉलिश पेपरने कोरडा घासला की त्याची धूळ घरभर बसते, आणि शिशाचा सर्वाधिक अपाय लहान मुलांना व गर्भवती स्त्रियांना होतो. तो ज्योतीने जाळून काढणे तर त्याहून वाईट. म्हणून जिथे रंग घट्ट बसलेला आहे तिथे ओल्या फडक्याने पुसून त्यावर पारदर्शक व्हार्निशचा हात द्यावा. दाराच्या कडा आणि खणांच्या पट्ट्या मात्र उघडझाप करताना एकमेकांवर घासतात आणि तिथला रंग रोज थोडाथोडा झडतो. खालच्या खणाच्या पुढच्या काठावर बोट फिरवून पाहा, हिरवी भुकटी लागली तर रंग झडतो आहे असे समजावे. तेवढाच भाग अंगणात नेऊन, पेंट रिमूव्हर लावून, ओला असतानाच पत्र्याने ओढून काढावा. त्या वेळी हातमोजे आणि धुळीचा चांगला मास्क वापरावा, निघालेला गाळ पिशवीत बांधून टाकावा आणि नातवंडे असतील तर त्यांना आजोळी धाडावे.

हे कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नये आणि भिंतीला चिकटवूनही ठेवू नये. तुमच्याकडे शहरापेक्षा पाऊस अधिक होत असणार, म्हणून मागे दोन इंच मोकळे सोडावे आणि पाय ओल्या फरशीवर न टेकता रबरी किंवा पितळी टोप्यांवर टेकतील असे करावे. कौले गळत असतील तर त्यांचे काम या सगळ्याच्या आधी.

आरामखुर्ची खिडकीशी शोभेल, पण जाड पडद्याआड, कारण उन्हाने वेत कडक होऊन तुटतो. वेत विणणारा बुरूड शोधावा. चौकटीला ओळीने भोके असतील तर हातविणीचा वेत लागतो आणि सलग खाच असेल तर तयार जाळी बसते, हे त्याला फोनवरच सांगितले तर त्याची एक फेरी वाचेल. नवी वीण पुढे सैल झाली तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवून रात्रभर वाळू द्यावी, ती पुन्हा ताणून बसते.

बंब बाहेरच्या ओट्यावर ठेवावा. त्यात दिवा बसवू नये आणि थेट माती घालून झाडही लावू नये. झाड हवेच असेल तर कुंडीसकट आत ठेवावे. चिंच आणि मिठाने तो लख्ख होतो. पोचे काढायला मात्र तांबटाकडेच न्यावा.

मुलीचे म्हणणे मला पटते. एवढ्या खोलीत या पाच वस्तू झाल्या की जुने पुरे. भिंती पांढऱ्या ठेवाव्यात, दिवे आणि पडदे साधे, नवे घ्यावेत आणि एक भिंत पूर्ण रिकामी सोडावी. कंदील, जाते, जुने फोटो, देवळातल्यासारखी घंटा यांतले काहीही आणून तिथे लावण्याचा मोह होईल, तो आवरावा.

प्रश्न : ओळखीच्या एका वाइनरीतून ओक लाकडाचे वापरून झालेले पिंप मिळाले आहे. त्याचे सेंटर टेबल करता येईल का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : येईल, आणि इथे करवत चालवायला माझी हरकत नाही, कारण असे पिंप काही वापरांनंतर वाइनरी स्वतःच काढून टाकतात. नेहमीचे पिंप २२५ लिटरचे, साधारण तीन फूट उंच आणि रिकामे असतानाही चाळीस किलोंच्या पुढचे असते. या उंचीला ते उभ्याने पेला ठेवण्याच्या कामाचे. बैठकीसमोर ठेवायचे तर अर्धे कापावे लागते.

कापण्याआधीची एक गोष्ट कोणी सांगत नाही. पिंपाच्या पट्ट्या खिळ्यांनी किंवा सरसाने जोडलेल्या नसतात, तर लोखंडी कड्यांच्या दाबावर आणि आतल्या ओलाव्यावर एकमेकींना धरून असतात. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या हवेत रिकामे पिंप आक्रसते, कडी सैल होऊन खाली घसरतात आणि एके दिवशी पिंपाचा लाकडी ढीग होतो. म्हणून पिंप आधी सावलीत वाळू द्यावे, कडी ठोकून घट्ट करावीत, प्रत्येक पट्टी वरच्या आणि खालच्या कड्याला एकेका स्क्रूने जखडावी आणि नंतरच करवत लावावी. कापलेल्या बाजूजवळ कडे नसेल तर तिथे नवे कडे बसवून घ्यावे. आतला वास जायला साध्या पाण्याने दोन-तीनदा विसळणे पुरते. वास लवकर जावा म्हणून पिंप उन्हात ठेवले तर त्याला चिरा पडतील.

प्रश्न : जुन्या सामानाच्या दुकानातून सागवानी म्हणून घेतलेल्या सोफ्याखाली रोज पिवळसर पीठ सांडते. ही वाळवी आहे का? आणि पुढच्या खरेदीच्या वेळी काय पाहावे?
— एक वाचक, सिडको

उत्तर : वाळवी नसावी. वाळवी मातीच्या नळ्या करून येते आणि लाकूड आतून खाते. बारीक पीठ आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके ही लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची खूण आहे. हा किडा सागाच्या पक्क्या गाभ्याला सहसा लागत नाही, तो बाहेरच्या फिकट लाकडात किंवा आंब्यासारख्या मऊ लाकडात शिरतो; तेव्हा सोफा पूर्ण सागवानी आहे का, हे दुकानदाराला एकदा विचाराच. सोफा बाकीच्या फर्निचरपासून दूर ठेवावा. सांडलेले पीठ पुसून खाली काळा कागद पसरावा. आठवड्याने त्यावर नवे पीठ दिसले तर कीड जिवंत आहे. तसे असेल तर कीडनियंत्रण करणाऱ्यांकडून भोकांत औषध भरून घ्यावे. भोके नुसती मेणाने बुजवली तर आतली कीड आतच राहते.

खरेदीच्या वेळी खुर्ची उलटी करून तिचे पाय पाहावेत. सराफ बाजार, भांडी बाजार आणि गोदाकाठच्या गल्ल्यांमध्ये २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांचे पाणी शिरले होते, आणि अशा घरांतले सामान पुढे बाजारात येऊ शकते. चारही पायांवर एकाच उंचीवर काळसर रेघ असेल, प्लायची खालची कड फुगली असेल किंवा सांध्यांतला सरस सुटून खुर्ची डुलत असेल, तर ती पाण्यात उभी होती असे समजावे. सागाचे नुकसान अशा वेळी दुरुस्त होते, प्लायचे होत नाही.

प्रश्न : आजीची येवल्याची पैठणी विरली आहे. तिचे सोफ्याच्या उश्यांचे अभ्रे शिवू का?
— एक वाचक भगिनी, नाशिक रोड

उत्तर : अभ्रे शिवू नयेत. विरलेले रेशीम पाठीच्या घर्षणाने काही महिन्यांत फाटेल आणि जरीची तार टोचत राहील ते वेगळेच. पदराचा धड असलेला भाग धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडावर बारीक टाक्यांनी शिवून घ्यावा. त्याला डिंक किंवा फेव्हिकॉल लावू नये. मग काच आणि कापड यांत थोडी पोकळी राहील अशी चौकट करून तो ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावावा. काठ लांबलचक उरले असतील तर साध्या सुती पडद्याच्या वरच्या बाजूला, जिथे हात लागत नाही तिथे, जोडता येतील. तो पडदा मात्र धुवायला टाकण्याआधी काठ उसवून घ्यावा लागेल.