एकट्याने हॅकेथॉन, सोबतीला एआय

प्रश्न : २४ तासांच्या हॅकेथॉनमध्ये (ठरावीक वेळेत सॉफ्टवेअर बनवण्याची स्पर्धा) एकटाच उतरतोय. मागच्या वेळी एआयकडून भराभर कोड लिहून घेतला, पण शेवटच्या तासात सगळं कोलमडलं. यंदा काय सांभाळू?

उत्तर : आधी नियमावलीत एआयला परवानगी आहे का, ते पाहा. पहिला तास कोड नकोच. एका पानावर लिहा : वापरणारा कोण, स्क्रीन कोणत्या, डेटाबेसमधल्या टेबलांची व रकान्यांची नावं, आणि काय करायचं नाही. हे पान प्रत्येक नव्या चॅटच्या सुरुवातीला द्या. संभाषण लांबलं की आधी ठरलेलं एआयच्या नजरेतून निसटतं. मग एकाच रकान्याला एका फाइलमध्ये एक नाव, दुसरीत भलतंच. तुमचं कोलमडलं ते बहुधा इथेच.

एका वेळी एकच छोटं काम सांगा. चालवून पाहा, लगेच गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) कमिट करा, म्हणजे ती आवृत्ती नोंदवून ठेवा. तीच चूक दोन प्रयत्नांत सुटली नाही, तर तिसऱ्यांदा विनवू नका. मागच्या कमिटवर परतून नव्या चॅटमध्ये एरर जशीच्या तशी द्या. ठिगळांवर ठिगळं लावण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. एआय अस्तित्वातच नसलेली लायब्ररीही (इतरांनी लिहिलेला तयार कोड) बिनधास्त सुचवतं, म्हणून इन्स्टॉल करण्याआधी अधिकृत पान तपासा.

एपीआय की (बाहेरची सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) कोडमध्ये नको. नंतर पुसली तरी गिटच्या इतिहासात राहते.

अ‍ॅपचं रिकामं पान तिसऱ्या तासालाच सर्व्हरवर चढवा. विसाव्या तासानंतर नवीन काही जोडू नका. डेमोचा व्हिडिओ तेव्हाच रेकॉर्ड करून ठेवा.