वाचक विचारतात : राइडवर शेजारी त्रास देतो तेव्हा

दिवाळीची सुट्टी आणि जत्रांचा हंगाम लागोपाठ आला, आणि पत्रांचा सूर एकच निघाला : पैसे भरले, रांग लावली, जागाही मिळाली, पण बाजूच्याने सगळ्यावर पाणी ओतलं. बहुतेकांनी विचारलंय की अशा माणसाला सुनवायचं कसं. त्याला सुनवत बसू नका. राइड चालवणाऱ्याला सांगा, आणि राइड सुरू व्हायच्या आधी सांगा. एकदा चाक फिरायला लागलं की तुमच्या हातात फार थोडं उरतं.

जत्रेत आकाशपाळण्यात मी आणि नातू बसलो होतो. आमच्याच डब्यात दोन अनोळखी पोरं बसवली. वर गेल्यावर ती उभी राहून डबा झोकायला लागली. नातू रडायला लागला, मी ओरडलो, पण भोंग्यांच्या आवाजात खाली कोणाला ऐकू गेलं नाही.
– एक आजोबा, अलिबाग तालुका

चौलची दत्तजयंती असो, वरसोलीची विठोबाची यात्रा असो की कुणकेश्वरची महाशिवरात्र, गर्दी वाढली की पाळणेवाला जागा दिसेल तिथे माणूस बसवतो. त्यामागे फक्त धंदा नसतो. चाकाचा तोल राखायला समोरासमोरच्या डब्यांत साधारण सारखं वजन लागतं, नाहीतर जड बाजू खाली येताना मोटरला आणि ब्रेकला ओढ बसते. म्हणून ‘आमच्यात कोणी नको’ असं नुसतं म्हणून भागत नाही. ‘पोराला घेऊन बसलोय, एखादं कुटुंब बसवा’ असं सांगितलंत तर तो सहसा ऐकतो, कारण त्याला वजनाशी मतलब असतो.

आता झोकण्याबद्दल. डबा वरच्या बाजूला, दोन टोकांना, खिळीवर टांगलेला असतो. बसलेल्या माणसांचं वजन खिळीच्या बरंच खाली राहतं, म्हणून चाक कितीही फिरलं तरी डबा आपला आपण सरळ होतो. माणूस उभा राहिला की ते वजन वर सरकून खिळीजवळ येतं आणि डब्याला सरळ करणारा जोर घटतो. त्यात झोक्याच्या तालावर धक्के दिले की झोका प्रत्येक वेळी वाढत जातो, अंगणातल्या झोपाळ्यासारखाच. डबा फार कलला तर आतला माणूस घसरून दारावर आदळतो, आणि दाराला बरेचदा एक साधी कडी तेवढी असते.

अशा वेळी पोरांना धरायला उठू नका, उभ्या माणसांत आणखी एकाची भर पडते. नातवाला दोन पायांमध्ये घ्या, जागा असेल तर सरळ डब्याच्या तळाशी बसा, दाराकडे पाठ करू नका. वजन खाली गेलं की डब्याला सरळ करणारा जोर वाढतो आणि झोकणाऱ्याला जोर जास्त लागतो. वरून ओरडण्यात दम घालवू नका. दर फेरीत एकदा तुम्ही पाळणेवाल्याच्या समोरून जाता, तेव्हा दोन्ही हात डोक्यावर धरून फुली करा आणि ‘थांबव’ एवढा एकच शब्द म्हणा. त्याने लगेच उतरवलं नाही तरी घाबरू नका. तोल राखण्यासाठी तो एक डबा रिकामा करतो, मग समोरचा, मग पुन्हा इकडचा. तुमची पाळी यायला चार-पाच थांबे जातील.

कोलंबसमध्ये, म्हणजे त्या झुलत्या नावेत, माझ्या आठ वर्षांच्या मुलीशेजारी एक धिप्पाड गृहस्थ येऊन बसले. दांडा खाली आला, पण तिच्या मांडीपर्यंत पोचलाच नाही. सरकायला सांगितलं तर म्हणाले, ‘काही होत नाही हो.’
– एक आई, चिपळूण

होतं. दोघांत एकच दांडा असेल तर तो ज्याची मांडी जाड त्याच्यापाशी अडतो आणि तिथेच त्याची खटखट थांबते. बारीक माणसाच्या मांडीवर तेवढी फट राहते. कोलंबस टोकाला जाऊन परत फिरतो त्या क्षणी अंग हलकं होऊन बैठकीवरून उचललं जातं. मोठ्या माणसाला दांडा अडवतो, मूल मात्र त्या फटीतून पुढे सरकू शकतं.

दांडा बसल्यावर मुलीच्या मांडीवर तुमची मूठ आडवी धरून बघा. मूठ सहज आत गेली तर ती जागा तिची नाही. हात वर करा आणि ऑपरेटरला ‘दांडा लागत नाही’ हेच शब्द सांगा. ‘हे काका सरकत नाहीत’ म्हटलंत की ते भांडण ठरतं. दांड्याचं नाव घेतलंत की ती त्याची जबाबदारी होते, त्याला येऊन बघावंच लागतं. मुलीला तिच्याच अंगाच्या मुलाशेजारी बसवा, आणि नावेच्या मधल्या रांगेत बसवा. टोकाच्या रांगा सर्वांत जास्त उंच जातात.

टोरा टोरासारख्या गोल फिरणाऱ्या राइडवर आणखी एक गोष्ट बघायची. जड माणूस नेहमी बाहेरच्या बाजूला, म्हणजे मधल्या खांबापासून लांब. फिरताना सगळे बाहेर फेकले जातात. ५ मीटर लांबीच्या हातावर मिनिटाला १० फेऱ्या झाल्या तरी ८० किलोच्या माणसाचा बाहेरच्या अंगाला सुमारे ४५ किलोचा दाब पडतो. तिथे मूल बसलेलं असेल तर तो सगळा दाब त्याच्या बरगड्यांवर येतो. शेजारी बसायला येणाऱ्याला ‘काका, तुम्ही त्या बाजूला बसा, ही दबेल’ एवढं कारण सांगितलं की सहसा कोणी वाद घालत नाही.

रांगेत एक जण उभा राहतो आणि शेवटी त्याचे दहा जण येऊन मिळतात. काही उपाय?
– एक वाचक, पनवेल

रांगेच्या मध्यावर वाद घालू नका, तिथे कोणाकडे अधिकार नसतो. दारावर माणसं मोजून आत सोडणारा जो असतो, त्याला ‘मागून आलेले दहा’ असा आकडा सांगा. तो मोजतच असतो, त्यामुळे आकडा त्याच्या कामाचा.

तारकर्लीला आम्ही सहा जणांनी बनाना राइड घेतली. त्यातल्या तिघांनी बोटवाल्याला परस्पर सांगितलं की शेवटी पाण्यात पाड. माझ्या सासूबाईंना पोहता येत नाही. त्या पडल्या, नाकातोंडात पाणी गेलं, अजून समुद्राचं नाव काढलं की घाबरतात. लोकांना असं करताना काहीच वाटत नाही का?
– एक वाचक, कोल्हापूर

तुमच्या सासूबाईंच्या जागी कोणीही घाबरलं असतं. पोहता न येणाऱ्या माणसाला न सांगता पाण्यात टाकणं ही थट्टा नव्हे.

बनाना दोराने ओढली जाते. बोटीने गर्रकन वळण घेतलं की नळकांडं वळणाच्या बाहेर फेकलं जातं आणि पालथं होतं. वरचे सगळे एकाच बाजूला कलले तरी हेच होतं. पाडणं हा अनेकदा पॅकेजचाच भाग धरलेला असतो, त्यामुळे कोणी काही बोललं नाही तर बोटवाला ‘सगळ्यांना हवंय’ असंच समजतो. किनाऱ्यावर तिकीट फाडणारा वेगळा आणि बोट चालवणारा वेगळा. तिकीटवाल्याला सांगितलेलं बोटीपर्यंत पोचेलच असं नाही. बनानावर पाय टाकण्यापूर्वी खुद्द बोटवाल्याला, सगळ्यांच्या देखत, सांगा : ‘यात एक जण पोहणारा नाही, पाडायचं नाही.’ बोटीत मागे तोंड करून बसणारा दुसरा माणूस आहे का, तेही बघा. चालवणाऱ्याचं लक्ष पुढे असतं. तुमचा वर केलेला हात दिसतो तो या दुसऱ्याला. ज्यांना पडायचंय त्यांची वेगळी फेरी करायला लावा. तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत कोणाचंच बिघडत नाही.

लाइफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्या कोणाला तरी ते दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकून कानाला लागलं तर ते मोठं आहे, पाण्यात ते वर जाईल आणि माणूस खाली राहील. पट्टे सगळे लावा, वरचा एकच लावून भागत नाही. साडी आणि ओढणी किनाऱ्यावर ठेवा, ओली साडी पायांना गुंडाळली की पाय हलवताच येत नाहीत. बनाना पालथी होताना सर्वांत जास्त लागतं ते एकमेकांमुळे : मागच्याचं कपाळ पुढच्याच्या डोक्यावर, नाहीतर कोपर नाकावर. म्हणून चिकटून बसू नका.

पडलातच तर तोंड मिटा, पाठीवर व्हा, जॅकेट धरून ठेवा. एक-दोन श्वासांत तुम्ही तरंगता. बोटीच्या मागच्या बाजूला जाऊ नका, तिथे पंखा असतो. इंजिन बंद झाल्याशिवाय बोटीला हात लावू नका. पुन्हा चढताना एकाने पलीकडून बनाना धरून ठेवायची आणि दुसऱ्याने मूठ पकडून, पाय झाडत, आधी छाती वर टाकायची.

ओहोटीचं भान ठेवा. तारकर्लीजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, सुनामी बेटाच्या आसपास, ओहोटीला पाणी समुद्राकडे ओढतं आणि वाळूचे बांध वर येतात. कंबरभर पाण्यात डोक्यावर पडणं खोल पाण्यात पडण्यापेक्षा वाईट, मान थेट वाळूवर आपटते. आपल्याकडचा जुना हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पर्यटकांची गर्दी नेमकी त्याच वेळी असते. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, तेव्हा बोटवाल्याला विचारून घ्या.

वॉटर पार्कच्या घसरगुंडीवर मागची पोरं शिट्टी व्हायच्या आधीच सुटली आणि खाली माझ्या पाठीवर आदळली. चूक कोणाची?
– एक वाचक, महाड

त्यांची, आणि त्यांना सोडणाऱ्या वरच्या माणसाची. खालचं पाणी रिकामं झाल्याची खूण आल्याशिवाय पुढचा सोडायचा नसतो. मागची टोळी ढकलाढकली करताना दिसली तर बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्या. घसरगुंडीवर धोका मागून येतो, आणि मागे बघता येत नाही. ती पोरं साखळी करून सुटणार असतील तर तुम्ही त्यांच्या पुढे नसलेलंच बरं.

उताणं झोपून, पाय पुढे, घोटे एकमेकांवर, हात छातीवर. पाण्यात पडल्यावर लगेच उठा आणि घसरगुंडीच्या तोंडासमोरून आडवे न जाता कडेने बाहेर पडा. चष्मा सापडेपर्यंत तिथेच चाचपडत राहणाऱ्यांना मार बसतो.

जीन्स घालून घसरणाऱ्यांबद्दलही पत्रं आहेत, त्यांनाही इथेच उत्तर. जीन्सचे पितळी रिव्हेट फायबरवर ओरखडे काढतात, ते पुढच्या माणसाच्या उघड्या पाठीला लागतात. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, माणूस सपाट भागात मध्येच अडकतो आणि मागचा येऊन धडकतो. नायलॉनच्या पोशाखाची सक्ती असते ती यासाठी.

वेव्ह पूलमध्ये लाट आली की एक माणूस मुद्दाम अंगावर येत होता. गर्दीत हात लावला. लाटेमुळे झालं असं तो म्हणाला. मी काही बोलू शकले नाही.
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

तुम्ही बोलू शकला नाहीत यात तुमचं काही चुकलं नाही. आताही उशीर झालेला नाही. भारतीय न्याय संहितेची ७४ आणि ७५ ही कलमं अशाच वागण्यासाठी आहेत, आणि तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. घरी परत आला असाल तर तुमच्या जवळच्या ठाण्यातही.

जागेवर असताना : थेट जीवरक्षकाच्या खुर्चीकडे चालत जा आणि ‘त्याने हात लावला’ असं स्पष्ट सांगा. भाड्याचे पोशाख बहुतेक सारखेच असतात, म्हणून कपड्यांवरून माणूस ओळखू येत नाही. मनगटावरच्या लॉकरच्या पट्ट्याचा नंबर, टक्कल, दाढी, गोंदण, सोबत कोण होतं, हे लक्षात ठेवा. मग ऑफिसात लेखी तक्रार द्या, त्यात वेळ मिनिटासकट लिहा, सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच कागदावर करा आणि पोच घ्या. टाळाटाळ झाली तर तिथूनच ११२ लावा.

कोस्टरवर पुढच्या सीटवरचा माणूस हात बाहेर काढून मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. मी उगाच घाबरतो का?
– एक वाचक, पेण

उगाच नाही. २०० ग्रॅमचा मोबाइल ताशी १०० किलोमीटरच्या वेगात हातातून सुटला तर खाली उभ्या माणसाला बसणारा तडाखा २ किलोचा असोला नारळ ४ मीटर उंचीवरून पडावा एवढा असतो. नारळाखाली कोकणात कोणी उभं राहत नाही. मागच्या सीटवरच्यांच्या तोंडावर तो आला तर चुकवायला वेळच मिळत नाही.

गाडी सुटायच्या आधी कर्मचारी दांडे तपासत तुमच्या रांगेपर्यंत येतो. पुढच्याच्या हातात मोबाइल दिसला तर तेव्हाच ‘पुढे मोबाइल बाहेर आहे’ असं सांगा, तो ठेवायला लावूनच हिरवा इशारा देईल. तुमचा स्वतःचा मोबाइल लॉकरमध्ये नाहीतर चेनच्या खिशात, पँटच्या उघड्या खिशात नको. पाय लोंबकळणारा कोस्टर असेल तर चपलाही काढून ठेवायच्या.