जाळी बळकट, पण तिची कड?

प्रश्न : जिन्याच्या उघड्या बाजूला काचेऐवजी स्टेनलेस स्टीलच्या वायर रोपची (तारांचे पेड पिळून केलेल्या दोरीची) लवचिक जाळी बसवायची आहे. घरात दोन वर्षांचे मूल आहे. जाळीची भोके केवढी असावीत? अशी जाळी पुढे सैल पडते, असे ऐकले आहे. ते का?

भोकाचा विचार दोन बाजूंनी करा. मुलाचे डोके किंवा धड आरपार जाता कामा नये, म्हणून १०० मिलिमीटर व्यासाचा चेंडू कुठूनही पलीकडे जाणार नाही, हा नियम बऱ्याच ठिकाणी पाळला जातो. शंकरपाळ्याच्या आकाराची, ६० मिलिमीटर रुंद आणि साधारण १०४ मिलिमीटर उंच भोकांची जाळी या कसोटीला सहज उतरते. पण लहान मुले पडतात ती बहुतेक वेळा जाळीतून नव्हे, तिच्यावर चढून! ६० च्या भोकात चिमुकला पाय छान रोवला जातो. म्हणून तुमच्या घरासाठी ४० मिलिमीटर किंवा त्याहून लहान भोक घ्या. जाळीची खालची कड आणि पायरी यांच्यातली तिकोनी फटही चेंडूने तपासा, ती हमखास विसरली जाते.

आता सैलपणा. जाळीची तार तुटल्याची उदाहरणे फार थोडी. हार मानते ती कड. दोन मीटर अंतरावरच्या खांबांमध्ये ताणलेली कडेची वायर रोप मधोमध २० किलोच्या जोराने ढकलली आणि ती पाच सेंटिमीटर सरकली, तर दोन्ही टोकांना सुमारे २०० किलोची ओढ बसते. रोप जितकी ताठ, तितकी ही ओढ जास्त. बारीक खांब आत वाकतात, खांब वाकले की जाळीला झोळ येतो, आणि कारागीर टर्नबकल (रोप ताणायचा आट्यांचा जोड) आणखी पिळतो, म्हणजे खांब आणखी वाकतात. यावर उपाय सुरुवातीलाच करायचा. वर आणि खाली रोपऐवजी ताठ पाइप द्या. हात टेकायचा पाइप तर ताठच हवा. कोपऱ्यांतल्या खांबांना तिरपा आधार द्या किंवा त्यांचा पाइप जाड घ्या.

बसवताना आधी जाळीचा मध्य चौकटीच्या मध्याशी जुळवा आणि चारही कोपरे तात्पुरते बांधा. मग दीड मिलिमीटरच्या तारेने कडेचे प्रत्येक भोक पाइपला गुंडाळत मध्याकडून कोपऱ्यांकडे जा. एका टोकापासून सुरुवात केली, तर शेवटच्या कोपऱ्यात भोके वेडीवाकडी ताणली जातात आणि ते डोळ्यांना कायम खुपते. नव्या रोपचे पेड भार आल्यावर एकमेकांत घट्ट बसतात, त्यामुळे ती किंचित लांबते. म्हणून टर्नबकलचे निम्मे आटे शिल्लक ठेवा, काही आठवड्यांनी पुन्हा ताणा आणि मगच चेकनट (टर्नबकल सैल होऊ न देणारा नट) आवळा. स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे कोरडे फिरवले, तर ते एकमेकांना चिकटून कायमचे जाम होतात. अँटी-सीझ पेस्ट लावा आणि हाताच्या पान्याने सावकाश फिरवा. इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत वेगाने फिरवणारे यंत्र) इथे नकोच.

प्रश्न : जाळीला लोहचुंबक चिकटतो. माल नकली आहे का? आणि स्टेनलेसच्या प्रतींपैकी ३०४ घ्यावी की ३१६?

चुंबकावरून निकाल देऊ नका. ३०४ ची तार थंड अवस्थेत ओढून बारीक करतात, तेव्हा तिची अंतर्गत रचना काही प्रमाणात बदलते आणि तिला थोडे चुंबकत्व येते. अस्सल ३०४ च्या तारेलाही चुंबक हलकेच ओढतो. खात्री हवी तर मिलचे (स्टीलच्या कारखान्याचे) टेस्ट सर्टिफिकेट मागा, किंवा मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकून पाहा. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, ३०४ मध्ये ते मुद्दाम घातलेले नसते. खाऱ्या वाऱ्यात ३०४ वर चहासारखे तपकिरी डाग पडतात, म्हणून समुद्राजवळ आणि पोहण्याच्या तलावाशी ३१६ च घ्यावी. घराच्या आत ३०४ पुरते. ३१६ लाही पाण्याने धुवावे लागते. पाऊस थेट न लागणाऱ्या, छपराखालच्या भागात मीठ साचून राहते, तिथे डाग आधी दिसतात.

प्रश्न : जाळी बसवून तीनच महिने झाले आणि तांबूस ठिपके आले. स्टेनलेसला गंज कसा?

बहुतेक वेळा तो गंज जाळीचा नसतो. शेजारी साधे लोखंड ग्राइंडरने कापले, तर ठिणग्यांतले लोखंडाचे कण तारेवर रुततात आणि तेच गंजतात. लोखंडावर वापरलेली चकती किंवा तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरवला, तरी हेच होते. दुसरे कारण जास्त घातक : फरशीवरचे सिमेंट काढायला वापरलेले म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड. त्याच्या वाफांतले क्लोराइडसुद्धा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ रक्षक थर फोडते आणि तारेला टोचल्यासारखे खड्डे पडतात. ब्लीचही त्याच जातीचे.

वरवरचे ठिपके सायट्रिक ॲसिडच्या क्लीनरने आणि नायलॉनच्या ब्रशने निघतात. नंतर भरपूर स्वच्छ पाणी ओता. नखाला खड्डा लागत असेल, तर तेवढा तुकडा बदलावा लागेल. जाळी गॅल्व्हनाइज्ड खांबाला थेट टेकली असेल, तर मध्ये नायलॉन किंवा रबराचे वॉशर घाला. ओलाव्यात दोन धातू चिकटून राहिले की खांबावरचे जस्त झपाट्याने झिजते.

प्रश्न : इमारतीच्या दर्शनी भागावर विणलेली स्टीलची जाळी लावायची आहे. उजेड किती आत येईल?

चौकोनी विणीत मोकळी जागा काढणे सोपे आहे. भोकाच्या रुंदीला भोक आणि तार यांच्या बेरजेने भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा. १० मिलिमीटर भोक, २ मिलिमीटर तार : दहा भागिले बारा, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ६९ टक्के. हा समोरून पाहिल्याचा हिशेब; तिरप्या उन्हात तारांची जाडी आड येऊन सावली वाढते, आणि दर्शनी जाळीचे सगळे सौंदर्य त्या बदलत्या सावलीत आहे. फ्रेंच वास्तुविशारद दोमिनिक पेरो यांनी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या आत धातूची वीण कापडासारखी वापरली आहे. तिची छायाचित्रे जरूर पाहा.

जाळी वरून टांगा आणि खाली स्प्रिंगने ताणा. १० मीटर जाळी ४० अंशांच्या फरकात सहा-साडेसहा मिलिमीटर लांबते. स्प्रिंग नसेल, तर दुपारी ती सैल पडून वाऱ्यात खडखडते. वाऱ्याचा भार आणि वरच्या ब्रॅकेटचे अँकर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्या.

प्रश्न : खिडकीला स्टीलची डासांची जाळी आहे. मूल पडू नये म्हणून ती पुरेशी आहे का?

नाही. तिची तार पाव मिलिमीटरच्या आसपास असते आणि ती फ्रेमच्या खाचेत रबरी पट्टीने नुसती दाबून बसवलेली असते. मुलाने टेकताच ती खाचेतून सुटून येते. तिच्या जोडीला वेगळी, भिंतीत अँकर केलेली ग्रिल हवीच. ती येईपर्यंत खिडकीजवळचे स्टूल, पलंग दूर सरकवा आणि पल्ला १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही असा अडसर लावा.