जुन्या मियाटासाठी टायरचे माप निवडताना

तुमच्या १९९० च्या माझ्दा मियाटासाठी (दोन आसनांच्या छोट्या स्पोर्ट्स कारसाठी) टायर घेण्यापूर्वी १८५/६० आर १४ या मूळ मापाचा अर्थ समजून घ्या. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर, ‘आर’ म्हणजे रेडियल रचना, आणि रिमचा (टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाचा) व्यास १४ इंच; या हिशेबाने चाकाचा एकूण व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर भरतो, आणि तुमचा स्पीडोमीटर हाच आकडा गृहीत धरून वेग दाखवतो.

१४ इंची मापात आज निवड कमी असल्यामुळे अनेक मालक १५ इंची रिम बसवतात. तसे करायचे असेल, तर १९५/५० आर १५ हेच माप मी सुचवेन, कारण त्याचा व्यास ५७६ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापाला जवळजवळ तंतोतंत जुळणारा आहे. २०५/५० आर १५ चा व्यास मात्र ५८६ मिलिमीटर होतो, त्यामुळे स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि सस्पेन्शन बदलून गाडीची उंची कमी केलेली असल्यास टायर मडगार्डला घासू शकतो. इतक्या हलक्या गाडीला जादा रुंदीची खरोखर गरज नाही. तिच्या स्टिअरिंगचा जिवंतपणा जपणे मला अधिक मोलाचे वाटते.

रिम घेताना चार बोल्टांच्या छिद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा १०० मिलिमीटरचा व्यास आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर) तपासा. जुना साठा स्वस्त मिळाला, तरी टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी क्रमांकाचे (अमेरिकी परिवहन विभागाच्या नावाने दिल्या जाणाऱ्या ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार अंक वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण त्यांतून निर्मितीचा आठवडा आणि वर्ष कळते.