छोट्या फ्रूट पायचा (फळांचं सारण भरून भाजलेल्या पेस्ट्रीचा) तळ ओला राहतो, कारण...

200 ग्रॅम मैद्याला 100 ग्रॅम बटर घ्या, फ्रीजमधून काढलेलं, कडक. खारं असेल तर वेगळं मीठ नको. बोटांच्या टोकांनी चोळा. वाटाण्याएवढे तुकडे राहू द्यात, त्यांच्यामुळेच पापुद्रे सुटतात. बर्फाचं पाणी तीन-चार मोठे चमचे, बास! चपातीच्या कणकेसारखं मळलंत की चिवट झालंच. अर्धा तास फ्रीजमध्ये.

मे महिन्यात बेळगावच्या बाजारात मिळणारा हापूस जरा कडक बघून घ्या. पिकून मऊ झालेला फार पाणी सोडतो. 300 ग्रॅम फोडी, 3 चमचे साखर, 1 मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घट्ट शिजवून पूर्ण गार करा. गरम सारण भरलं तर बटर आधीच वितळतं आणि तळ गिच्च होतो. पीठ लाटून मफिन ट्रेच्या वाट्यांत बसवा, गार सारण भरा, वरून पारीने झाका आणि तिला चीर द्या. ट्रे ओटीजीच्या (छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनच्या) खालच्या कप्प्यात, 190 अंशांवर 25 मिनिटं.