द्राक्षपानांतून आरएनए काढताना तपकिरी चिकट गोळा का येतो?

तासगावच्या बागेतली कोवळ्या शेंड्यांची पानं लीफरोल (पानं गुंडाळणाऱ्या) विषाणूसाठी तपासताय, गोळा तपकिरी येतो आणि पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश वाढवून ओळखणारी चाचणी) लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दोष बहुधा तुमच्या हाताचा नाही, द्राक्षाचा आहे. पानात पॉलिफेनॉल (तुरट संयुगं) भरपूर; पेशी फुटल्या की ते काळे पडून आरएनएला चिकटतात. चिकटपणा पॉलिसॅकराइडचा, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचा.

सीटॅब बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या डिटर्जंटचं द्रावण) पॉलिफेनॉल धरून ठेवणारं २% पीव्हीपी आणि वापरायच्या ऐनवेळी काळं पडणं रोखणारं २% बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घाला (फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात; वास भयंकर असतो). ६५ अंशाला गरम करा, क्लोरोफॉर्मने दोनदा धुवा. मग लिथियम क्लोराइड घालून ४ अंशाला रात्रभर ठेवा. आरएनए खाली बसतो, साखर बरीचशी वर राहते.

आणि कोवळे शेंडे कशाला खुडता? हा विषाणू फ्लोएममध्ये, म्हणजे अन्नरस वाहणाऱ्या ऊतींत राहतो. काडीच्या बुडाकडच्या जून पानांचे देठ किंवा सालीखालचा खरवडा घ्या.

२६०/२३० गुणोत्तर (प्रकाश शोषणावरून काढलेलं शुद्धतेचं माप) कमी आलं तर नमुना दहापट पातळ करून पाहा, पीसीआर अडवणारे पदार्थही पातळ होतात. सोबत पीसीआरला वेलीचं स्वतःचं एखादं जनुक लावा. तेही उमटलं नाही, तर ‘विषाणू नाही’ असं बागायतदाराला सांगू नका.